दुधाचे खाडे मांडतो, मग वाचनाचे का नाही?

मैत्रिणींनो, स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आज जरा निरखून बघा. दूधवाला कोणत्या दिवशी आला नाही, त्याचा खाडा तिथे असतो. सिलिंडर कधी लावलं, त्याची तारीख असते. धुणंभांडीवाल्या मावशींनी घेतलेली उचल, भिशीची पाळी, धाकट्याच्या लसीचा दिवस, सगळं त्या चौकोनांत बारीक अक्षरात मांडलेलं असतं. महिना संपला की आपण बोटांवर हिशेब करतो. मागचं सिलिंडर दीड महिना गेलं आणि हे महिन्यातच संपलं, असं दिसलं की लगेच कारण शोधतो. पाहुणे होते का? बिबड्यांचं पीठ शिजवलं होतं का? शेगडी तर गळत नाही ना? आणि त्यावरून पुढच्या महिन्याचा बेत ठरवतो.

शहाण्यासुरत्या भाषेत यालाच आकडेवारी आणि मूल्यमापन म्हणतात. मोजायचं, मागच्याशी ताडून बघायचं, कारण शोधायचं आणि बदल करायचा. बचत गटाची वही सांभाळणाऱ्या बायकांना तर हे नव्याने शिकवायला नको. मग हीच अक्कल आपल्या गावातल्या वाचनालयासाठी का वापरू नये, एवढंच मला आज विचारायचं आहे.

मी यावलची. कितीतरी वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर गावाकडच्या एका छोट्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आले. मंडळात मी एकटीच बाई. तिथे मला जे दिसलं, ते सगळ्या लहान गावांत थोड्याफार फरकाने असंच असणार, म्हणून सांगते.

वहीत बाया नव्हत्याच

एका बैठकीत विषय निघाला, की खर्च कमी करायचा तर महिलांची मासिकं बंद करू. एक वडीलधारे सभासद म्हणाले, "मॅडम, रजिस्टर बघा ना. बाया येतात कुठं? मग मासिकं घ्यायची कोणासाठी?"

रजिस्टर खरंच तसं होतं. सभासदांच्या यादीत बायकांची नावं मोजकी आणि रोजच्या देवघेवीच्या वहीत तर त्याहून कमी. पण माझ्या गल्लीत मला वेगळंच दिसत होतं. शेजारच्या घरात वाचनालयाचं कार्ड आहे वडिलांच्या नावावर. पुस्तक बदलायला जातो सातवीतला मुलगा. वाचते त्याची आई, दुपारी धुणं-भाकरी उरकल्यावर. आणि रात्री तीच गोष्ट ती सासूबाईंना वाचून दाखवते, कारण त्यांना अक्षर लागत नाही. एक पुस्तक, दोन बायका, आणि वहीत नोंद मात्र अशा गृहस्थाची, ज्यांनी ते उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही!

मी तिला विचारलं, "अगं, तू स्वतः का जात नाहीस?" ती म्हणाली, "बाई, मले वाचाले लई आवडते. पन तिथी सारी माणसंच बसेल राह्यतात. पेपरातून डोकं वर करून आपल्याकडेच पाह्यतात. मंग कोन जाईन?"

वही खोटं बोलत नव्हती. कार्ड कोणाचं, एवढंच तिला विचारलेलं होतं आणि तेवढंच ती सांगत होती. वाचतं कोण, हे कुणी विचारलंच नव्हतं. पण पुढची सगळी गणितं त्याच वहीवरून होतात. कोणती पुस्तकं घ्यायची, कोणती मासिकं चालू ठेवायची, दार किती वाजता उघडायचं, सगळं. ज्याची नोंद नाही, त्याची गरजही नाही, असा अर्थ निघतो. म्हणून मला वाटतं, वाचनालयाची आकडेवारी हा आपल्या फार जवळचा विषय आहे.

आकड्यांवर चालतं वाचनालय

वाचनालय म्हणजे सरकारी कचेरी, असं पुष्कळ जणींना वाटतं. महाराष्ट्रात तसं नाही. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक वाचनालयं गावकऱ्यांनी संस्था काढून उभी केलेली आहेत. जळगावचं व. वा. वाचनालय १८७७ सालचं. रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८ सालापासूनचं. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला १९६७ साली. काही राज्यांत ग्रंथालयासाठी वेगळा कर घेतात. आपल्या कायद्यात तसा कर नाही. इथे संस्था वाचनालय चालवते आणि सरकार तिला अनुदान देतं.

हे अनुदान ठरतं वर्गावर. वाचनालयांचे 'अ', 'ब', 'क', 'ड' असे वर्ग आहेत. पुस्तकं किती, वृत्तपत्रं आणि मासिकं किती, वर्गणी भरणारे सभासद किती, दार रोज किती तास उघडं असतं, अशा गोष्टी पाहून वर्ग मिळतो. राज्यात अशी मान्यताप्राप्त वाचनालयं दहा हजारांहून अधिक आहेत. दरवर्षी प्रत्येकाने अहवाल द्यायचा, निरीक्षकांनी येऊन वह्या तपासायच्या, अशी रीत आहे. म्हणजे आकडे गोळा करण्याची सवय आपल्या वाचनालयांना आधीपासूनच आहे.

अडचण एवढीच आहे, की हे आकडे वरच्या कचेरीसाठी लिहिले जातात. अहवाल गेला, अनुदानाचा हप्ता आला, की वही कपाटात. त्या वहीतून आपल्यालाही काही शिकता येईल, हे फारसं कुणाच्या मनात येत नाही. दुधाचे खाडे फक्त दूधवाल्याला दाखवण्यासाठी मांडले आणि स्वतः कधी बघितलेच नाहीत, तर कसं होईल? तसंच हे.

एक जादा रकाना

मासिकं बंद करण्याचा विषय मी तीन महिने पुढे ढकलायला लावला आणि एकच मागणी केली. देवघेवीच्या वहीत एक जादा रकाना आखायचा: 'कोणासाठी'. पुस्तक न्यायला आलेल्याला ग्रंथपालभाऊंनी एवढंच विचारायचं. नाव लिहायचं नाही. आईसाठी, बहिणीसाठी, आजीसाठी, स्वतःसाठी, एवढंच. उत्तर द्यायचं नसेल तर रकाना कोरा.

दुसरी वही केली 'मागितलं पण मिळालं नाही' याची. कुणी एखादं पुस्तक मागितलं आणि ते आपल्याकडे नसेल, तर आपण "नाही" म्हणतो आणि विषय संपतो. किराणा दुकानदार असं करत नाही. चार गिऱ्हाइकांनी एक वस्तू मागितली, की पाचव्या दिवशी ती त्याच्या फळीवर असते.

तिसरी गोष्ट वेळेची. दिवसाचे तास आखून, कोणत्या तासाला किती माणसं आत आली, याच्या चार उभ्या आणि एक आडवी अशा रेघा मारायच्या. आपण मतमोजणीत मारतो तशा.

आमच्या गावचे आकडे सांगून तुम्हाला काही फायदा नाही. पण त्या तीन महिन्यांनी काय दाखवलं ते सांगते. नेणारा पुरुष किंवा मुलगा आणि वाचणारी बाई, अशा नोंदी इतक्या निघाल्या की मासिकांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. वेळेच्या वहीत दिसलं, की सकाळी आणि संध्याकाळी गर्दी असते, कारण वाचनालय उघडंच तेव्हा असतं. नेमक्या त्याच वेळी आपल्या हातात पोळपाट-लाटणं असतं. दुपारी आपण मोकळ्या, तेव्हा दाराला कुलूप. मी बैठकीत म्हटलं, "दुकान बंद असताना गिऱ्हाइकं मोजली, तर शून्यच येणार की!" सगळे हसले, पण आठवड्यातून दोन दुपारी फक्त बायका-मुलींसाठी दार उघडायचं, प्रयोग म्हणून, असं ठरलं.

आणि ती 'मिळालं नाही' वही! कादंबऱ्या आणि पाककृतींची नावं येतील असा सगळ्यांचा अंदाज होता. तीही आली. पण पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेच्या पुस्तकांची मागणी मुलींकडून सारखी येत होती. बाळंतपणानंतरच्या आहाराचं पुस्तक मागितलेलं होतं. बाईच्या नावावर सातबारा कसा चढतो, वडिलांच्या जमिनीत मुलीचा हिस्सा किती, हे सोप्या मराठीत सांगणारं काही आहे का, अशीही विचारणा होती. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. हा कायदा होऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या कपाटात त्यावर एक पुस्तक नव्हतं. ही मागणी आधी कुणी केली नव्हती असं नाही. तिची नोंद झालेली नव्हती.

गणिताच्या मास्तरांची शिकवण

आपल्या देशात ग्रंथालयशास्त्राचा पाया घातला तो माणूस गणिताचाच प्राध्यापक होता, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. शियाली रामामृत रंगनाथन, जन्म १८९२ चा. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते गणित शिकवत. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पुढे इंग्लंडला जाऊन हे शास्त्र शिकून आले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. माझ्या शब्दांत सांगायची तर अशी: पुस्तक वापरायला असतं, कुलूप लावून ठेवायला नसतं. प्रत्येक वाचकाला त्याच्या कामाचं पुस्तक मिळालं पाहिजे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये. आणि वाचनालय हे वाढत्या अंगाचं असतं. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात.

ही पाच सूत्रं म्हणजे पाच प्रश्नच आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर मोजून काढता येतं. पुस्तकं वापरली जातात का? मग गेल्या वर्षात एकदाही बाहेर न गेलेली किती, ते मोजा. वाचकाला पुस्तक मिळतं का? मग 'मिळालं नाही' वही मोजा. वाचकाचा वेळ वाचतो का? मग पुस्तक मागितल्यापासून हातात येईपर्यंत किती मिनिटं गेली, ते घड्याळात बघा.

त्यांच्याही आधी हे काम मोठ्या प्रमाणावर करणारा राजा आपल्याच भागातला. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, तेव्हा त्याला लिहिता-वाचताही येत नव्हतं. तेच सयाजीराव गायकवाड. त्यांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की शाळा सुटल्यावर वाचायला काही मिळालं नाही तर शिकलेलं विसरलं जातं. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून घेतलं आणि संस्थानात वाचनालयांचं जाळं विणलं. बायका आणि मुलांसाठी वेगळी सोय केली. जिथे वाचनालय नाही, तिथे पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. बडोद्याहून ग्रंथालयांना वाहिलेलं एक नियतकालिकही निघत असे, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत.

पेटीची ही कल्पना अजूनही जुनी झालेली नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने विनायक रानडे यांच्या पुढाकाराने २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली. पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. ती पुढे राज्याबाहेर आणि परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही गेली. आमच्या तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांवरून यावलला पुस्तक बदलायला येणं कुणाला जमणार आहे? तिथे पेटीच जायला हवी.

किती, कसं आणि काय बदललं

मोजणीच्या तीन पायऱ्या आहेत. जगभरातली ग्रंथालयं याच पायऱ्यांनी जातात आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकंही ठरवलेली आहेत. आपल्याला त्या मानकांच्या क्रमांकांशी काही घेणं नाही, पायऱ्या समजल्या की झालं.

पहिली पायरी, किती? पुस्तकं किती, सभासद किती, रोज येणारे किती. हे बहुतेक वाचनालयांत असतं.

दुसरी पायरी, कसं? इथे थोडा भागाकार करावा लागतो. समजा, एका वाचनालयात २,००० कादंबऱ्या आहेत आणि त्या वर्षभरात ४,००० वेळा घरी नेल्या गेल्या. म्हणजे एक कादंबरी सरासरी २ वेळा गेली. त्याच वाचनालयात आरोग्यावरची ५० पुस्तकं आहेत आणि ती ३०० वेळा गेली. म्हणजे प्रत्येक पुस्तक ६ वेळा! नुसत्या एकूण आकड्याकडे पाहिलं तर ४,००० समोर ३०० काहीच नाहीत. पण भागाकार केल्यावर कळतं, की ते छोटं कपाट तिप्पट राबतंय आणि पुढची खरेदी तिथे व्हायला हवी. चार जणींच्या स्वयंपाकाचं भांडं आणि चाळीस माणसांची कढई यांची तुलना आपण अशीच करतो ना? माणशी किती, हे बघतो.

तिसरी पायरी सगळ्यांत अवघड: काय बदललं? वाचनालयामुळे कुणाच्या आयुष्यात काही फरक पडला का? हे वहीत सापडत नाही, विचारावं लागतं. वर्षातून एकदा, चार सोपे प्रश्न. हे पुस्तक घरात किती जणांनी वाचलं किंवा ऐकलं? त्यातलं काही उपयोगी पडलं का? वाचनालयात यायला कशाची अडचण होते? काय हवं आहे? आणि हे प्रश्न येणाऱ्यांपेक्षा न येणाऱ्यांना आधी विचारायचे. सत्यनारायणाला आलेल्या बायकांनाच "आमंत्रण पोचलं का?" असं विचारून काय कळणार?

तिथी मिटक्या माणसांची आणि नजरांची अडचण होते, हे मला शेजारणीने सांगितलं होतं. बाकी बऱ्याच जणींनी दुसरंच सांगितलं. सभासद होताना भरायची अनामत रक्कम घरात मागायची कशी, हा त्यांचा प्रश्न होता. काहींना वाचनालयात बायकांसाठी स्वच्छतागृह नाही ही अडचण वाटत होती. अभ्यासाला तासन् तास बसणाऱ्या मुलींसाठी तर ती फारच मोठी अडचण. पुस्तकांच्या यादीत कितीही डोकं घातलं असतं, तरी हे कळलं नसतं.

आकड्यांचे चकवे

गणित शिकवलेलं असल्यामुळे आणखी एक सांगायलाच हवं. आकडा सरळ असतो, पण त्याच्याकडे बघणारा वाकडा बघू शकतो.

आमच्या दुपारच्या प्रयोगात ऑक्टोबर-नोव्हेंबरला येणाऱ्या बायका एकदम कमी झाल्या. लगेच बोलणं सुरू झालं, की प्रयोग फसला, बंद करा. पण खान्देशात या दिवसांत कापूस वेचायचा असतो. त्यातच दिवाळी. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, दुपारी गल्लीत चिटपाखरू नसतं. त्या महिन्यांत दुपारचं दार उघडून बसण्यात काय अर्थ? म्हणून उन्हाळ्यात ती वेळ संध्याकाळकडे सरकवायची. आणि तुलना करायचीच तर या दिवाळीची मागच्या दिवाळीशी करायची, श्रावणाशी नाही. वर्षभर थांबल्याशिवाय कोणत्याही प्रयोगाला नापास करू नये.

दुसरा चकवा जास्त वाईट. आकड्यावर अनुदान अवलंबून असलं, की आकडे फुगवण्याचा मोह होतो. २०१२ साली सरकारने महसूल खात्याकडून राज्यभरातल्या वाचनालयांची पडताळणी करून घेतली. अनेक ठिकाणी कागद आणि प्रत्यक्ष यांचा मेळ बसला नाही. त्यानंतर कित्येक वर्षं नवी मान्यता आणि वर्गवाढ अडून राहिली आणि त्याची झळ प्रामाणिकपणे चालणाऱ्या वाचनालयांनाही बसली. म्हणून वहीत खरं तेच लिहायचं. आज तीनच बाया आल्या, तर तीनच लिहायच्या. खोट्या तीसमधून आपल्याला शिकायला काहीच मिळत नाही.

तिसरी सावधगिरी आपल्यासाठी फार महत्त्वाची. कोण काय वाचतं, हे चारचौघांत जाता कामा नये. वारसाहक्काचं किंवा पाळीच्या त्रासाचं पुस्तक नेणाऱ्या बाईचं नाव कट्ट्यावर गेलं, तर ती पुन्हा वाचनालयाची पायरी चढणार नाही. मोजायचे ते आकडे, नावं नाहीत. अहवालात 'आरोग्याची पुस्तकं इतक्या जणींनी नेली' एवढंच यावं.

आणि शेवटी, काही गोष्टी मोजता येतच नाहीत, हेही मान्य करावं. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या-कविता घरच्यांनी कागदावर उतरवून घेतल्या, म्हणून १९५२ साली त्यांचा संग्रह निघाला. आज त्यांच्या नावाने जळगावात विद्यापीठ आहे. कोणत्याही वाचनालयाच्या वहीत बहिणाबाईंच्या नावापुढे शून्यच आलं असतं! तेव्हा वाचणारी जशी मोजायची, तशी ऐकणारीही लक्षात ठेवायची. कोण जाणे, तिच्या ओठांवर काय असेल.

मोजलं ते सांगा

मोजलेलं कपाटात ठेवलं तर मेहनत फुकट. आम्ही आता दर महिन्याला दाराशी फळ्यावर पाच ओळी लिहितो: या महिन्यात किती जण आले, त्यांत बायका-मुली किती, सर्वांत जास्त फिरलेलं पुस्तक, नवीन आलेलं पुस्तक, आणि 'तुम्ही मागितलं, आम्ही आणलं'. ही शेवटची ओळ वाचायला लोक थांबतात. आपण सांगितलेलं कुणी ऐकलं, हे पाहून माणूस पुन्हा येतो.

मदत मागतानाही आकडा कामी येतो. "आमच्या वाचनालयाला मदत करा" म्हटलं, की समोरचा मान हलवतो. "इतक्या मुली रोज अभ्यासाला येतात, त्यांच्यासाठी एक स्वच्छतागृह हवं आहे, एवढा खर्च आहे" म्हटलं, की त्याला 'हो' किंवा 'नाही' सांगावंच लागतं. नगरपरिषद असो, गावातला दानशूर व्यापारी असो, की माहेरवाशिणींचा गट असो, नेमकं मागितलं की मिळण्याची शक्यता वाढते. १९७२ पासून काम करणारं कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानही राज्यांमार्फत पुस्तकांसाठी आणि सोयींसाठी साहाय्य देतं. त्यासाठीही कागद पक्के लागतात. आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन किंवा २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन नुसत्या हारतुऱ्यांवर न घालवता, त्या दिवशी वर्षाचे आकडे सगळ्यांसमोर वाचून दाखवले तर?

तुम्ही काय करू शकता?

१. कार्ड स्वतःच्या नावावर काढा. मुलाला पाठवा हवं तर, पण नाव तुमचं असू द्या. बचत गटातल्या पाच जणींनी एकदम सभासद व्हा, म्हणजे एकटीला संकोच वाटणार नाही.

२. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघा. दहा पुस्तकं चाळलीत तरी कोणतं कपाट फिरतं आणि कोणतं झोपलंय, ते कळेल.

३. हवं ते पुस्तक नसेल तर नुसतं परत येऊ नका. मागणीची नोंद करायला सांगा. वही नसेल तर दहा रुपयांची वही घेऊन द्या.

४. वार्षिक सभेला जा. सभासद आहात, तर अहवाल मागण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. बायका सभासद किती, त्यांतल्या वर्षभरात आलेल्या किती, हे दोन प्रश्न पुरेत.

५. वाचनालय बायकांच्या सोयीच्या वेळी उघडं नसेल, तर सोयीची वेळ कोणती हे वीस जणींना विचारून लिहून द्या. तोंडी तक्रारीपेक्षा वीस सह्यांचा कागद जड असतो.

६. कार्यकारी मंडळाची निवडणूक असेल तेव्हा एखादीने तरी उभं राहावं. वहीत कोणता रकाना आखायचा, हे तिथेच ठरतं.

यातलं एकही काम दोन दुपारींपेक्षा जास्त वेळ घेणारं नाही. आपण आयुष्यभर घराचा हिशेब ठेवला, त्यात सगळ्यांचं सगळं मांडलं. कुणाचं दूध, कुणाचं औषध, कुणाची फी. त्यात आपल्या स्वतःच्या वाचनाचा एक खाडा किंवा एक फुली मांडायला कॅलेंडरवर जागा नक्की निघेल. येत्या पहिल्या तारखेपासून मांडायला लागा. वर्षाच्या शेवटी ती पानं घेऊन वाचनालयात जा आणि सांगा, "भाऊ, हे आमचे आकडे. आता तुमची वही दाखवा."